प्लुरल लव्हाज पहिल्यांदा घेणार असशील तर

अरे, प्लुरल लव्हाज म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात छातीची पोकळी सलाईनने धुऊन त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ते बघणं. त्यात पहिली गोष्ट म्हणजे वेळ. छाती उघडली की फुफ्फुसाला हात लावायच्या आधी सँपल घे, कारण एकदा ट्यूमर हाताळला की पेशी सांडतात आणि मग मुळात पेशी होत्या की आपण सांडल्या हे कळायचं कसं? आत पाणी साठलेलं दिसलं तर ते आधी वेगळ्या बाटलीत घे, ती वेगळी भानगड आहे, त्यात कॅन्सर सापडला तर स्टेजच एम१ए (म्हणजे पसरलेला कॅन्सर, चौथी स्टेज) होते. पाणी नसेल तर कोमट सलाईन ओत, सगळीकडे फिरू दे, हळू ओढून घे. रक्त जितकं कमी तितकं बरं. बाटलीवर बाजू आणि 'रिसेक्शनपूर्वी' (म्हणजे गाठ काढण्याआधी) असं स्पष्ट लिही आणि लगेच लॅबला पाठव, टेबलावर तासन्‌तास ठेवू नको रे बाबा.

लॅबवाल्यांना खरा त्रास होतो तो मेसोथेलियल पेशींचा (छातीच्या आतल्या अस्तराच्या पेशी), चिडलेल्या असल्या की हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात, म्हणून सेल ब्लॉक (पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) करायला सांग, त्यावर टीटीएफ-१ (फुफ्फुसाच्या कॅन्सरची खूण) आणि कॅलरेटिनिन (मेसोथेलियल पेशींची खूण) हे रंग लावले की बऱ्याचदा उलगडा होतो.

आणि एवढी खटपट कशाला असं वाटू देऊ नको. 2010 च्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात 8763 पेशंटपैकी 511 जणांत पेशी सापडल्या, आणि त्यांचं पुढचं आयुष्य कमी भरलं. पण पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच चौथी स्टेज सांगून नातेवाईकांना घाबरवू नको, याची नोंद आर१ (साय+) अशी होते, म्हणजे ऑपरेशननंतर सूक्ष्म कॅन्सर मागे राहिल्याची खूण, तीही फक्त धुतलेल्या पाण्यातल्या पेशींवरून; पुढचं ट्यूमर बोर्डात (सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) ठरवा.