गुणगुणल्याने खरंच नाक मोकळं होतं का?

प्रश्न : वय 46, शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून सायनसचा त्रास. सर्दी झाली की कपाळ जड होतं, गालाची हाडं ठणकतात. योगवर्गातल्या ताईंनी भ्रामरी शिकवली, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. पंधरा दिवसांत डोकं हलकं वाटतंय, झोपही लागते. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा आता बंद करू का?

उत्तर : ताई, हे मनाचे खेळ नाहीत. फवारा मात्र बंद करू नका.

वाचता वाचता एक करून पाहा. तोंड मिटून ‘म्ऽऽऽ’ करा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बंद पडतो. म्हणजे सगळी हवा नाकावाटेच जात होती, आणि तीही थरथरत. गालाच्या नि कपाळाच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्यांची नाकात उघडणारी तोंडं अगदी चिंचोळी. एरवीचा श्वास त्यांच्या दारावरून निघून जातो. थरथरणारी हवा मात्र आत-बाहेर खेळते. याच पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो; तो नाकात जास्त आला, म्हणजे पोकळ्यांतली हवा खेळली. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी 2002 मध्ये मोजलं, तेव्हा गुणगुणताना नाकातून येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या 15 पट भरला.

पण पोकळीचं तोंडच सुजेने किंवा पॉलिपने (नाकातल्या मऊ गाठीने) बुजलेलं असेल, तर ही वाढ दिसत नाही, हेही पुढे आढळलं. दार उघडं ठेवायचं काम तुमचा फवारा करतो. म्हणून म्हणते, तो आपल्या मनाने सोडू नका. आणि हवा खेळती झाली म्हणजे सायनसचा आजार बरा झाला, असंही मी कुणाला सांगत नाही.

झोपेचं कारण वेगळं. ते श्वासात आहे. 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. 23 निरोगी माणसांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हटली, ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्रही म्हटला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. भाषा वेगळ्या, श्रद्धा वेगळ्या, लय एकच! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

वडिलांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून, ओठ मिटून एकच सूर धरला होता. दोन बोटं मनगटावर होती. सूर लांबला की नाडी जराशी रेंगाळायची, श्वास घेतला की पुन्हा पळायची. कान-नाक-घशाची डॉक्टर असून हे मी पुस्तकातच वाचलं होतं. बोटांना कळलं ते त्या दिवशी. भीती गेली नाही, पण हातांचा कंप थांबला.

तुम्ही एका बैठकीला पाच-सहा आवर्तनंच करा. तेवढ्यात पोकळ्यांतला वायूचा साठा उतरतो, आणि तो भरायला काही मिनिटं लागतात. दिवसभर वर्गात बोलता, म्हणून गुणगुणताना सूर खालचा आणि हलका ठेवा. घशाला ताण नको. भ्रामरीसाठी कान बंद करताना आत बोट खुपसू नका, कानाच्या भोकापुढची मऊ कूर्चा हलकेच दाबा. चक्कर आली तर थांबा. ताप, डोळ्याभोवती सूज किंवा अंधुक दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.