टपरीवरच्या गप्पा आणि तुमचा अभ्यास

पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन राज्यसेवा परीक्षेची (एमपीएससी) तयारी सुरू करीत असाल, तर अभ्यासक्रमाइतकेच लक्ष आपण कोणाबरोबर चहा पितो याकडेही द्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. सायंकाळी अभ्यासिकेतून बाहेर पडलेली मंडळी टपरीवर जमली, की जाहिरात लांबली, जागा घटल्या, आता वयोमर्यादा उलटणार, हेच विषय निघतात; आणि त्यांतले बरेचसे खरे असल्यामुळेच ते मनाला अधिक लागते. म्हणून ऐकलेल्या बोलण्यात बातमी किती आणि वैताग किती, हे वेगळे करण्याची सवय लावून घ्या. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, ही बातमी. तिच्यावर उत्तरलेखनाचा रोजचा सराव हा उपाय आहे. ‘आपल्यासारख्यांचे आता काही खरे नाही’ हा वैताग. तो खोडून काढण्यात संध्याकाळ जाते ती तुमचीच. वेळापत्रकाची खातरजमा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर करावी आणि अफवा पसरवणारे टेलिग्राम ग्रुप निदान म्यूट करावेत.

मात्र कडवट बोलणारा प्रत्येक जण टाळण्याजोगा नसतो. मुलाखतीपर्यंत जाऊन परतलेल्या एखाद्या दादाला ‘पुढे काय होणार?’ असे न विचारता ‘निबंधाची तयारी कशी केली?’ असे विचारून पाहा; त्याचा सूर बहुधा बदलतो. रूममेटच रडगाणे गाणारा असेल, तर मामला अवघड. त्याच्याशी भांडू नये. मेसची वेळ वेगळी ठेवावी, आणि निकालाच्या दिवशी शक्यतो खोलीवर थांबू नये.