साठ खुर्च्या आणि एक तक्रार

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता, "बारावी सायन्सला ७१ टक्के. परीक्षेच्या आधी तीन आठवडे मुलगी दारोदार फिरून जुन्या खुर्च्या मागत होती. ६० खुर्च्या आवारात गोल मांडल्या. घंटा वाजली की एकाआड एकाने दोन खुर्च्या पुढे सरकायचं आणि शेजारी येईल त्याच्याशी बोलायचं, असा खेळ. एक खुर्ची मोडली तर ती दुरुस्त करून देत बसली. आता म्हणते, आयुष्यभर हेच करायचंय. आम्ही इंजिनीअरिंग ठरवलं आहे. तिला समजवा."

मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती या दीड पानांत न लिहिलेल्या गोष्टीची. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवर बसलात का? बसला असतात तर शेजारी कोण आलं, हे लिहिल्याशिवाय राहिला नसतात. आणि त्या ६० खुर्च्यांत एक तरी तुमच्या घरची होती का? 'आम्ही ठरवलं' यातल्या 'आम्ही'त मुलगी नाही, हे तर दिसतंच आहे. मी तिला समजवायचं म्हणजे तुमचा निरोप माझ्या तोंडून पोचवायचा. ते काम मी करणार नाही.

पत्रातलं आणखी एक वाक्य खटकलं: "तिला धड चित्रही काढता येत नाही." अहो, तिला करायची आहे ती लोकांना सामील करून घेणारी कला; या कामात हात चित्रात बसलेला असला तर उत्तमच, पण अडतं ते तिथे नाही. न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात मिअर्ल लॅडरमन युकेलीस ही कलाकार १९७९-८० मध्ये जवळपास वर्षभर शहरभर हिंडली आणि सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवत तिने त्यांचे आभार मानले. कलाकृती ती हीच. त्यात चित्र नाही, पुतळा नाही. आहे ती खात्याची परवानगी, पाळ्यांची वेळापत्रकं आणि अनोळखी माणसासमोर उभं राहण्याची हिंमत. साठ घरांनी खुर्ची दिली आणि मोडलेली दुरुस्त होऊन परत गेली, ही तुमची तक्रार मला तरी शिफारसपत्रासारखी वाटली.

आता तिलाही एक कडू गोष्ट सांगतो. युकेलीसचं त्या खात्यातलं कलाकाराचं पद बिनपगारी होतं. या क्षेत्रात पैसा प्रकल्पागणिक येतो: संग्रहालयं, नगरपालिका, शाळा, अनुदान देणाऱ्या संस्था. दोन प्रकल्पांच्या मधले महिने कोरडे जातात. बरेच जण शिकवतात, नेपथ्य करतात, प्रदर्शनांची मांडणी करून देतात. प्रस्ताव लिहिणं, अंदाजपत्रक, विमा, गर्दीची सुरक्षितता हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने इकडे फिरकू नये.

दृश्यकला, नाट्यशास्त्र, वास्तुकला, समाजकार्य यांपैकी कुठूनही इथे येता येतं. प्रवेश परीक्षा आहेत, तयारी करून द्याव्यात.

तोवर तिला तोच खेळ दुसऱ्या एखाद्या वस्तीत, जिथे तिला कोणी ओळखत नाही, तिथे मांडू द्या. हिशेब तिनेच ठेवायचा, परवानगी तिनेच काढायची. तुम्ही फक्त जायचं, बसायचं आणि घंटा वाजली की सरकायचं. त्यानंतरचं पत्र तिला लिहू द्या. सोबत खर्चाचा कागद जोडायला सांगा.