विषय कोणता घेऊ, असं विचारलंस म्हणून

बेटा,

परवा तू येऊन गेलीस आणि तुझा प्रश्न तसाच राहून गेला. लाइट गेली होती, कूलर बंद, त्या उकाड्यात धड बोलणंही झालं नाही. बीएस्सी संपत आली, एमएस्सीचा फॉर्म भरायचाय, आणि तुला हवं होतं एक सरळ उत्तर: केमिस्ट्री, फिजिक्स की बायोटेक? सध्या कशात जास्त नवं घडतंय?

मी आयुष्यभर बायोकेमिस्ट्री शिकवली, तरी तुला बायोकेमिस्ट्री घे असं सांगणार नाही. आपल्या विदर्भातल्या सिकलसेलची, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या त्या आनुवंशिक आजाराची, गोष्ट सांगतो.

आपल्याकडे कितीतरी घरांत लग्न जुळवताना ‘एएस’ (नुसता वाहक) आहे का ‘एसएस’ (रुग्ण) हे विचारलं जातं. या आजाराचा उलगडा कोणी केला बघ. 1949 साली लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडलं. ते निरोग्याच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकलं. आजार एका रेणूत असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इंग्रामने फरक नेमका कुठे आहे ते शोधलं: हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या मण्यांपैकी एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, बस. आणि हे काम झालं केंब्रिजच्या कॅव्हेंडिशमध्ये, म्हणजे फिजिक्सच्या प्रयोगशाळेत.

आता आजच्याकडे ये. जनुक कापायची क्रिस्पर पद्धत 2012 साली मांडली गेली. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांना तिच्यासाठी 2020 चं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. यात जनुकातलं बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर ते बंद पडत जातं. ते बंद करणाऱ्या बीसीएल11ए नावाच्या जनुकाचं बटण रक्ताच्या मूळपेशींत निकामी करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. आपल्याकडे रुग्णांना वर्षानुवर्षं जी हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल देतात, तीही तेच हिमोग्लोबिन वाढवते.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत 22 लाख डॉलर लावली. वर पेशी परत सोडण्याआधी जबर किमोथेरपी घ्यावी लागते. गडचिरोलीतल्या दूरच्या एटापल्लीच्या पोराला याचा काय उपयोग? दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःची क्रिस्पर पद्धत तयार केली आणि तिला ‘बिरसा 101’ नाव दिलं, ते याच प्रश्नावरचं काम आहे. ते आपल्या माणसांपर्यंत स्वस्तात पोचावं, असं मला मनापासून वाटतं. त्यात बायोटेकवाले लागतील, केमिस्ट लागतील, यंत्रं बनवणारे लागतील. यातलं काय तू व्हायचंस ते तुझ्या हाताला कशाची सवय आहे त्यावर ठरेल.

हाताची सवय का म्हणतो, ते माझ्या चुकीतून सांगतो. तरुणपणी गडचिरोलीकडच्या तपासणी शिबिरांना मी जायचो. सिकलसेल ओळखायची सॉल्युबिलिटी टेस्ट तू केली आहेस: नळीत डायथायोनाइटचं द्रावण, त्यात बोटाचं थोडंसं रक्त, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन झाकल्या तर पॉझिटिव्ह. एका दिवशी रांग मोठी होती. माहितीतल्या पॉझिटिव्ह रक्ताची नळी सकाळी लावून बघायची असते, ती मी लावलीच नाही. डायथायोनाइटच्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, पूड हवेने मेली होती. दिवसभर सगळ्या नळ्यांमागे रेघा स्वच्छ दिसत होत्या आणि मी निगेटिव्ह लिहीत गेलो. त्यातली एक मुलगी पुढे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे पॉलिंगसारख्याच विजेच्या तपासणीत, एएस निघाली, तेव्हा सगळं गाव पुन्हा तपासावं लागलं. तोवर कोणाचं लग्न ठरलं असतं तर, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

म्हणून नव्या शोधाची बातमी आली की मी आधी विचारतो, मोजलं कसं? जुलै 2023 मध्ये कोरियातल्या एका गटाने एलके-99 नावाचा पदार्थ साध्या तापमानालाही अतिवाहक, म्हणजे वीज जराही विरोध न करता वाहून नेणारा, असल्याचा दावा केला. जगभर धावपळ झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो बनवून पाहिला, पण अतिवाहकता दिसली नाही. कोडं सुटलं कुठे? दाव्यात सुमारे 104 अंश सेल्सिअसला विद्युतरोध एकदम पडत होता. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना हा आकडा ओळखीचा वाटला, कारण कॉपर सल्फाइडवर त्यांनी पूर्वी काम केलं होतं आणि त्याची रचना नेमकी याच तापमानाला बदलते. एलके-99 बनवताना कॉपर सल्फाइडची भेसळ राहत होती. अख्खं जग अतिवाहकतेबद्दल बोलत असताना, एका साध्या सल्फाइडशी जुना परिचय असलेल्या माणसाने ते पकडलं.

असा परिचय कर. कोणत्याही एका वस्तूशी, पण खोल.

तू म्हणशील, आता तर संगणकच सगळं करतो. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने 20 कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज मांडले, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. खरंच मोठं काम आहे, त्याला कमी लेखू नकोस. पण ते शिकलं कशावरून? 1971 पासून प्रोटीन डेटा बँकेत लोकांनी एकेक रचना मोजून ठेवली होती, त्यावरून. एकेका प्रथिनाचे स्फटिक जमवण्यात कोणाचीतरी पाच-पाच वर्षं गेलेली असायची.

फिजिक्सकडे ओढ असेल तर लांब जायला नको. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी हालचाल तिथे मोजायची आहे. निर्वात पंप, लेसर, आरशांवरचे लेप या सगळ्याला जाणकार हात लागणार. आणि नागपुरातच राहायचं असेल तर वर्धा रोडवर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे. सुट्टीत जाऊन विचार, दोन महिने एखाद्या यंत्राशेजारी उभं राहू द्याल का म्हणून. पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा जा.

फॉर्ममध्ये काय लिहिलंस ते कळव. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा प्रॅक्टिकलची वही घेऊन ये, ती फेअर नको, रफ. चुकलेल्या रीडिंगवर नुसती एक रेघ मारली आहेस की व्हाइटनर लावलाय, ते मला पाहायचंय.

तुझा,
सर