सागवानी स्टूलला लाख लावताय? आधी एवढं करा

सागावर लाख छान धरते, त्यामुळे सुरुवात चांगली केलीत. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपातली लाख) आणा, काचेच्या बरणीत 1 लिटर मिथिलेटेड स्पिरिटला (म्हणजे अल्कोहोलला) साधारण 120 ग्रॅम घाला आणि रात्रभर विरघळू द्या. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते.

नवखे हमखास चुकतात ते स्टेनपाशी, म्हणजे लाखेआधी लाकडाला द्यायच्या रंगापाशी. स्पिरिटमधला स्टेन असेल, तर लाखेचा ब्रश फिरवताच तो पुन्हा विरघळतो आणि पट्टे उठतात. म्हणून तेलातला स्टेन घ्या, तो पूर्ण सुकू द्या. बोटाला रंग लागतोय तोवर थांबाच.

वरून पीयू (पॉलियुरेथेनचा टणक, पारदर्शक थर) मारायचा असेल, तर मेण काढलेलीच लाख हवी. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. मेण काढायला लाख विरघळल्यावर बरणी दोन-चार दिवस हलवू नका. मेण तळाशी बसेल, वरचं स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्या. चहाचे कप ठेवणार असाल तर वरचा पीयू हवाच, कारण नुसत्या लाखेवर गरम कपाचा पांढरा डाग पडतो.

आणि आपल्या ठाण्याचा पावसाळा! जुलैत मी एका फळीला भर पावसात हात मारला, दहा मिनिटांत दुधासारखी साय आली. कोरड्या दुपारी, पातळ हात मारा. गेलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नका. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस बंद, खिडकी उघडी.

फ्रेंच पॉलिशचं, म्हणजे कापडाच्या बोळ्याने लाख चढवायचं, नंतर बघू. पहिला हात सुकला की फोटो टाका.