३२ हजारांच्या कोटेशनमध्ये दोन वेगळे खर्च आहेत

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरमध्ये राहतो. गाडी २०१८ ची, सात सीटांची डिझेल ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सला पोचवणारी). १ लाख १८ हजार किलोमीटर झाले. मे महिन्यात पुण्याहून परतताना मानपूरच्या चढावर गिअर बदलताना झटके बसू लागले. अर्धा तास गाडी उभी केली, मग ठीक चालली. देवास नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, बाहेरचा ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा जादा रेडिएटर, बसवा. तेल बदलण्यासकट ३२ हजार, त्यात तेलाचे ११ हजार. गिअरबॉक्स गेला तर १ लाख ८० हजार सांगतो. सहा वर्षांच्या मुलीची ५ हजारांची एसआयपी सहा महिने थांबवून हे करावं का? एसआयपी जाऊन महिन्याला ९ हजार उरतात, आपत्कालीन निधी ६० हजार आहे. दिवाळीत पुन्हा पुण्याला जायचंय.

उत्तर : नमस्कार. एसआयपी थांबवू नका. या खर्चासाठी तिला हात लावायची गरजच पडत नाही. दिवाळीला चार महिने आहेत, महिन्याला ९ हजार म्हणजे ३६ हजार होतात. थांबवलेल्या ३० हजारांवर वर्षाला १० टक्के धरले तरी मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचे सुमारे ९४ हजार झाले असते. कूलरची खरी किंमत मग तेवढी मोजावी लागेल.

आता कोटेशनकडे येऊ. तुम्ही ३२ हजारांचा एकच निर्णय समजून चाललात, पण त्यात दोन आहेत. तेलाचे ११ हजार आणि कूलरचे २१. पहिला खर्च टाळण्यासारखा नाही. गिअरबॉक्सचं तेल आजवर बदललं की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. पण १ लाख १८ हजारांवर ते मूळचंच असेल, तर झटक्यांचा पहिला संशयित तेच. तेल जळकट आणि पातळ झालं की आतला दाब आणि क्लचची पकड दोन्ही बिघडतात, आणि हे चढावर, गरम असतानाच आधी जाणवतं. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. झटके थांबले तर तेलाने थांबले की कूलरने, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि २१ हजार गेलेले असतील.

तेल काढताना स्वतः गॅरेजमध्ये उभे राहा. पांढऱ्या कापडावर दोन थेंब घ्या. लालसर असेल तर ठीक, तपकिरी असेल तर जुनं झालंय, काळं आणि जळका वास असेल तर आत क्लच भाजलेत. मग ऑइल पॅन उतरवून त्यातलं चुंबक दाखवायला सांगा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, त्याची काळजी नको. पण बोटाला टोचणारे धातूचे कण दिसले तर कूलरचा विषय तिथेच संपवा. झिजलेला क्लच कूलर लावून भरून येत नाही. त्या परिस्थितीत २१ हजार गिअरबॉक्सच्या कामासाठी जपून ठेवा.

चुंबक स्वच्छ निघालं तर नवं तेल घालून महिनाभर चालवा, आणि एका रविवारी दुपारी मेकॅनिकला सोबत घेऊन धामनोदपर्यंत उतरा. परतताना गुजरीपासून मानपूरपर्यंतच्या चढावर स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं यंत्र) लावून गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान पाहा. साधारण ८० ते ९५ अंश ही त्याची सुखाची जागा. चढावर १०५-११० ला जाऊन सपाटीवर लगेच खाली आलं तर गाडीची मूळ व्यवस्था पुरेशी आहे. १२० च्या आसपास रेंगाळत राहिलं तर मात्र कूलर घ्याच, मी स्वतः सांगते. आणि चढावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून पाहा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरची घसरण कमी होते, उष्णताही कमी तयार होते. याला पैसे लागत नाहीत.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर कूलर हा विमा आहे. २१ हजारांचा हप्ता भरून १ लाख ८० हजारांचा धोका कमी करायचा. हा सौदा तेव्हाच पटतो, जेव्हा कूलरमुळे गिअरबॉक्स जाण्याची शक्यता शंभरात किमान बाराने कमी होते. ट्रेलर ओढणाऱ्या किंवा रोज घाट चढणाऱ्या गाडीत ती होईलही. तुमची गाडी वर्षातून दोनदा पुण्याला जाते, एरवी शहरातच पलासिया-राजवाडा करते. तापमान मोजल्याशिवाय एवढी शक्यता मी गृहीत धरणार नाही. गाडीचा नेहमीचा विमा यांत्रिक बिघाडाला पैसे देत नाही, त्यामुळे हा धोका तुमचाच आहे, हे मात्र खरं.

घ्यायचाच ठरला तर थरांच्या पट्ट्यांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट प्रकारचा घ्या आणि थर्मोस्टॅटसकट घ्या. डिसेंबरच्या सकाळी तेल गरम व्हायलाही हवं. एसीच्या कंडेन्सरसमोर तो दाबून बसवला तर उन्हाळ्यात एसी मार खातो, तेही विचारून घ्या. सगळ्यात महत्त्वाच्या नळ्या. माझ्या मामेभावाच्या गाडीत कूलर चांगला होता, नळी मात्र साधी रबरी आणि क्लिप पाण्याच्या नळाची. देवासच्या अलीकडे नळी निसटली आणि रस्त्यावर लाल तेलाची लांब रेघ उमटली. काही मिनिटं कोरडा चालून गिअरबॉक्स गेला. तेव्हा कूलर, थर्मोस्टॅट, नळ्या आणि मजुरी यांचे भाव वेगवेगळे लिहून मागा, आणि बसवल्यावर पन्नास किलोमीटरनंतर गळती तपासण्याची तारीखही त्याच कागदावर घ्या.

क्रेडिट कार्डच्या हप्त्यांवर हे करू नका. पहिल्या दोन महिन्यांच्या बचतीतून तेलाचे ११ हजार काढून उरलेले बाजूला ठेवा. दिवाळीपर्यंत २५ हजार जमतील. कूलर लागला तर त्यातून. नाही लागला तर ते पैसे आपत्कालीन निधीत जाऊ द्या, कारण १ लाख ८० हजारांच्या बिलासमोर तुमचे ६० हजार आज खूप अपुरे आहेत, आणि मला या पत्रात खरी काळजी त्याचीच वाटते.