२१४७४८३६४७ पासून सुरुवात कर

मोठ्या मूळ संख्या शोधायच्यात ना? मग एकदम कोट्यवधी अंकी संख्यांच्या मागे लागू नकोस. आधी २१४७४८३६४७ घे, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही हाताने आकडेमोड करून! वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागत बसलास तर जीव जाईल. पण हिचा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असायला हवा, शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च यायला हवी. बहुतेक उमेदवार इथेच गळतात. यातला पहिला भाग फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या p−१ व्या घाताला p ने भागलं की बाकी १) स्वतः काढून बघ, उत्तर शोधायला पळू नकोस.

आणि घातांक मूळ असला की संख्याही मूळच, असं नाही हं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, ते निघतात २३ गुणिले ८९.

लुकास-लेमर चाचणी, म्हणजे २ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का ते सांगणारी चाचणी, आधी ३१ वर कर, कारण ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ घे, वर्ग करून २ वजा कर: १४. पुन्हा तेच: १९४, ३१ ने भागून बाकी ८. आणखी एकदा: ६२, बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळ. प्रोग्राम नंतर लिही, फक्त ते वर्ग ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ठेवू नकोस. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच, २१४७४८३६४७.